गुडघ्यातली गादी फाटली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसात फुटबॉलची मैदानं चिखलाने भरली की तरुण मुलांचे मेसेज यायला लागतात, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली की त्यांच्या आयांचे. गोव्यात फोंड्याला फिजिओथेरपीचं काम करताना गुडघ्याच्या गादीबद्दल मला जे सारखं विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. तुमचा गुडघा प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याचा निर्णय कुणी करू शकत नाही. पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं, हे यातून नक्की कळेल.

१. गादी म्हणजे गुडघ्याची वाटी का? ती नेमकी असते कुठे?

वाटी वेगळी. ती गुडघ्याच्या पुढे हाताला लागणारं गोल हाड. गादी आत असते, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मधे. तिला डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. प्रत्येक गुडघ्यात दोन गाद्या असतात: आतल्या बाजूची अर्धचंद्रासारखी, बाहेरच्या बाजूची जवळजवळ पूर्ण गोल. दोन्ही कडेला जाड आणि मध्याकडे पातळ होत जातात. मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि नडगीचा माथा जवळपास सपाट. सपाट पाटावर नारळ ठेवला तर तो घरंगळणारच, म्हणून आपण त्याच्याभोवती चुंबळ ठेवतो. गादी म्हणजे तीच चुंबळ.

ती कूर्चेची बनलेली असते, पण नाकाच्या किंवा कानाच्या कूर्चेपेक्षा फार चिवट. तिच्यातले मुख्य धागे कडेकडेने गोल फिरतात, पिंपाला लोखंडी पट्टी असते तसे. वजन पडलं की गादी बाहेर सरकू पाहते आणि हे धागे तिला धरून ठेवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये तिचा संबंध येणार आहे.

२. ती काढून टाकली तर काय बिघडतं? आमच्या शेजारच्या काकांची काढली होती, ते चालतात की.

चालतात, हे खरं. प्रश्न वीस-तीस वर्षांनंतरचा असतो.

पाय सरळ असताना गुडघ्यावरच्या भारातला साधारण निम्मा भार गाद्या उचलतात. गुडघा काटकोनात वाकला की हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जातं. गादी पूर्ण काढली की दोन हाडं एकमेकांना जिथे टेकतात ती जागा निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त आक्रसते. भार तेवढाच राहतो आणि टेकायची जागा मात्र कमी होते. मग हाडावरचं गुळगुळीत आवरण झिजायला लागतं.

एके काळी वैद्यकशास्त्रालाच गादीची किंमत कळली नव्हती. १८९७ मध्ये सटन या ब्रिटिश शल्यविशारदांनी तिला पायाच्या स्नायूचा निरुपयोगी उरलेला अवशेष म्हटलं होतं. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहून झिजेच्या खुणा नोंदवल्या, तरी पुढची कित्येक वर्षं गाद्या सरसकट काढल्या जात होत्या. माझे बाबा त्यांपैकीच एक. बाविसाव्या वर्षी सामन्यात पाय मुरगळला, आणि गुडघा उघडून आतली गादी पूर्ण काढली. त्या काळच्या रीतीने ते बरोबरच होतं, दोष कुणाचा नाही. दोन महिन्यांत ते पुन्हा मैदानावर उतरले. पन्नाशीला तोच पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला मी पाहिला आहे. म्हणून कुणी सहज म्हणतं, "काढून टाका ना मॅडम, कटकट मिटेल," तेव्हा मी त्यांना बसवते आणि हे सगळं सांगते.

३. मी फुटबॉल खेळत नाही, कुठे पडले नाही. मग माझी गादी फाटली कशी?

गादी दोन वाटांनी फाटते. पहिली वाट खेळाडूंची. पाय जमिनीत रुतलेला, गुडघा किंचित वाकलेला, आणि अंग वळतं. चिखलात बुटांचे स्टड अडकले की हमखास हेच होतं. माशेलला चिखलात खेळतात त्या चिखलकाल्यातही निसरड्या चिखलात अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे जाऊ शकतो. पायलटचं काम करणाऱ्यांना, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्यांना, गाडी कलताना पाय टेकवून सावरायची सवय असते, त्यांच्याही गुडघ्याला असाच पीळ बसतो.

दुसरी वाट वयाची. चाळिशीनंतर गादीतला ओलावा आणि लवचिकपणा कमी होतो. मग लावणीच्या दिवसांत शेतात वाकून वळणं, आडोळीवर बसून नारळ किसून उठणं, तिसऱ्या (शिंपल्या) काढायला तासन्‌तास उकिडवं बसणं, एवढंही पुरतं. कित्येकदा नेमका क्षण आठवतसुद्धा नाही.

आतली गादी बाहेरच्या गादीपेक्षा जास्त वेळा फाटते, कारण ती बाजूच्या लिगामेंटला, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट दोरीला, घट्ट जोडलेली असते. बाहेरची थोडी सरकून स्वतःला वाचवते, आतलीला ती मोकळीक नसते.

४. गादी फाटली की लिगामेंट तुटलं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, पण सुजेची वेळ बरंच काही सांगून जाते. मार लागल्यावर तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता जास्त, आणि त्यामागे बहुधा सांध्याच्या आतलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट किंवा हाड असतं. नुसत्या गादीची सूज सावकाश, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी येते. मुलगा सामना संपवून चालत घरी येतो आणि सकाळी गुडघा वाकत नाही, अशी हकिगत ऐकली की माझं लक्ष आधी गादीकडे जातं.

गादीचं दुखणं हाडांच्या सांध्याच्या रेषेवर बोट ठेवून दाखवता येतं. उकिडवं बसताना, अंथरुणात कूस वळताना, कदंबाच्या बसची उंच पायरी उतरताना ते वाढतं. दोन्ही इजा एकाच वेळी झाल्या असतील तर प्रश्न १७ पाहा. पाय टेकवतच नसेल तर आधी एक्स-रे काढून हाड मोडलं नाही ना, ते बघा.

५. फाटलेली गादी आपोआप भरून येते का?

काही भाग भरतो, काही कधीच भरत नाही. मोठ्या माणसाच्या गादीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या साधारण १० ते ३० टक्के भागात. त्याला लाल पट्टा म्हणतात. आतला पातळ भाग पांढरा पट्टा. तिथे रक्तवाहिनी नसते, सांध्यातल्या पाण्यावरच तो जगतो. मधला पट्टा दोन्हींच्या सीमेवरचा.

त्यामुळे "फाटली का?" याच्याइतकंच "कुठे फाटली?" हेही विचारा. लाल पट्ट्यातली लहान, न सरकलेली चीर आराम आणि व्यायामाने जुळू शकते. पांढऱ्या पट्ट्यातली जुळत नाही. पण न जुळलेली चीर दुखायलाच हवी असं काही नाही. ते कसं, हे प्रश्न ७ मध्ये.

६. एक्स-रे नॉर्मल आला. एमआरआय करायलाच हवा का?

एक्स-रेत गादी दिसत नाही, म्हणून नॉर्मल एक्स-रेवरून गादीबद्दल काही ठरत नाही. एमआरआयमध्ये ती दिसते. तरुण माणूस, ताजा मार, अडकणारा गुडघा, किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय लागतो. पन्नाशीतलं जुनं, हळूहळू वाढलेलं दुखणं असेल तर आधी उभं राहून काढलेला एक्स-रे आणि सहा-आठ आठवडे व्यायाम. बहुतेकांना पुढची तपासणी लागतच नाही.

७. रिपोर्टमध्ये "ग्रेड २" लिहिलंय. दुसऱ्या एकाच्या रिपोर्टात "डिजनरेटिव्ह टिअर" आहे. घाबरायचं का?

ग्रेड १ आणि ग्रेड २ म्हणजे गादीच्या पोटात थोडा बदल दिसतो, पृष्ठभाग शाबूत आहे. ती फाटलेली नाही. पृष्ठभागापर्यंत पोचलेली रेषा म्हणजे ग्रेड ३, तिलाच फाटणं म्हणतात. "ग्रेड २ आहे, ऑपरेशन कधी करू?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच.

"डिजनरेटिव्ह" म्हणजे वयाने विरलेली. केसांत पांढरं दिसावं तसं ते आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावात पन्नाशीपुढच्या लोकांचे सरसकट एमआरआय काढले होते. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघेदुखी नव्हतीच. फाटलेली गादी आणि दुखणारा गुडघा एकाच माणसात असले तरी एकामुळे दुसरं झालं, असं लगेच धरू नका. रिपोर्ट वाचा, पण आधी गुडघा तपासून घ्या.

८. वय ५२, गुडघा चार महिने दुखतोय. दुर्बिणीने गादी साफ करून घेऊ का?

गुडघा अडकत नसेल आणि गादी वयाने विरली असेल, तर माझं उत्तर आहे: आधी व्यायाम, नेटाने, तीन महिने.

हे माझं नुसतं मत नाही. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांची फाटलेली गादी दुर्बिणीतून कापली. उरलेल्यांना भूल दिली, दुर्बीण घातली, पण गादीला हातच लावला नाही. कुणाला काय झालं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि जगभर या वयातल्या "साफसफाई"बद्दल डॉक्टर सावध झाले.

वजन जास्त असेल तर तेही हातात घ्या. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. याला अपवाद दोन आहेत, ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये.

९. मुलगा २१ वर्षांचा, क्लबकडून खेळतो. डॉक्टर म्हणतात टाके घालू, एक ओळखीचे म्हणतात कापून मोकळा हो, लवकर खेळशील. कुणाचं ऐकू?

टाके घालण्यासारखी चीर असेल तर टाके घाला. मी यावर ठाम आहे.

कापण्याची ओढ समजते. फाटलेला तुकडा काढला की मुलगा चार ते सहा आठवड्यांत मैदानावर येतो, आणि टाक्यांनंतर चार ते सहा महिने लागतात. मोसम जातो, क्लब विचारेनासा होतो. पण एकविसाव्या वर्षी वाचवलेली गादी त्याला आणखी पन्नास वर्षं वापरायची आहे. माझ्या बाबांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

टाक्यांना यश कुठे? कडेच्या लाल पट्ट्यात, उभ्या सरळ चिरेला, ताज्या इजेला. बादलीच्या कडीसारखा लांब तुकडा मधे उलटला असेल, तर तोही कित्येकदा जागेवर बसवून शिवता येतो. आतल्या पांढऱ्या भागातली चिंधी झालेली गादी शिवता येत नाही, तिथे फक्त सुटा भाग काढून बाकी शक्य तेवढी राखतात. डॉक्टरांना सरळ विचारा, "किती ठेवाल?"

टाके शंभर टक्के टिकत नाहीत हेही सांगते. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत साधारण पाचांतल्या एकाचे टाके निकामी झालेले दिसतात. तरीही मी टाक्यांच्याच बाजूने आहे.

काहींना वाटतं हे नवीन खूळ आहे. एडिंबराचे थॉमस अनंडेल यांनी गादीला पहिले टाके १८८३ मध्येच घातले होते. दुर्बिणीतून गादीचा भाग काढणं मात्र १९६२ मध्ये जपानच्या वातानाबे यांच्यापासून सुरू झालं.

१०. तरुण आहे म्हणजे शस्त्रक्रिया लागणारच का?

नाही. डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयाच्या १२१ जणांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी व्यायाम आणि माहिती. व्यायामाच्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला वर्षभरात शस्त्रक्रिया लागली, बाकीच्यांचं तिच्याशिवाय भागलं. अडकलेल्या गुडघ्यांना हे लागू नाही.

११. टाक्यांनंतर किती दिवस घरी?

बैठ्या कामावर दोनेक आठवड्यांत जाता येतं. पहिले चार ते सहा आठवडे गुडघ्याला आधाराचा पट्टा आणि कुबड्या, आणि गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही. किती वजन टाकायचं ते चिरेच्या प्रकारावर ठरतं, म्हणून शेजाऱ्याला सांगितलेलं वेळापत्रक आपल्याला लावू नका. उकिडवं बसणं चार महिने तरी बंद. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, किंवा ताप येऊन गुडघा गरम झाला तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१२. घरी काय व्यायाम करू? आणि चवथीला फुगडी घालता येईल का?

सूज असताना बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. झोपताना पायाखाली उशी.

मग मांडीचा स्नायू. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे जमलं की पाय ताठ ठेवून वीतभर उचलणं. त्यानंतर भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली सरकणं, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत नाही. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा. जिने चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली.

फुगडीबद्दल. गादी दुखत असताना पायावर गिरकी घेणं म्हणजे ती मुळात फाटते तीच हालचाल. त्या वर्षी नको. उभं राहून घुमट आरतीत गळा लावा, माटोळी बांधणाऱ्यांना हातात फळं द्या. नैवेद्य वाढायला खाली बसण्याऐवजी टेबल घ्या, पूजेला उंच पाट किंवा खुर्ची घ्या. देवाला त्यात काही उणं वाटत नाही, हे मी माझ्या आईलाही सांगितलं. सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो आणि एका पायावर तोल धरता येतो, असं झाल्यावर पुढच्या चवथीला हळू लयीची फुगडी घाला.

१३. गुडघा मधेच अडकतो, मग झटका दिला की सुटतो. थांबून बघू?

अडकण्याचे दोन प्रकार आहेत. दुखल्यामुळे क्षणभर पाय आखडतो, तो खरा अडकलेला नव्हे. खरा अडकलेला गुडघा शेवटचे काही अंश सरळ होतच नाही, मधे दाराला पाचर लावल्यासारखा. फाटलेला तुकडा सांध्यात शिरलेला असतो. असा गुडघा काही दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवा, कारण उशीर झाला तर तुकडा चेपून शिवण्याजोगा राहत नाही. कुणाकडून तेल लावून जोराने ओढून, पिळून घेऊ नका. त्या ओढाताणीत लहान चीर मोठी होऊ शकते.

१४. आई ५८ वर्षांची. पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे खट्टकन आवाज आला आणि त्या दिवसापासून तिला चालवतच नाही. वयाचं म्हणून सोडून द्यावं का?

सोडून देऊ नका. ही तक्रार मला इथे सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण घरात तिला "संधिवात" म्हणून गोळ्या देत राहतात.

गादीची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात घट्ट रुजलेली असतात. मागचं मूळ तुटलं तर प्रश्न १ मधली पिंपाची पट्टीच सुटते. गादी अंगाने शाबूत दिसते, पण भार आला की बाहेर सरकते. प्रयोगशाळेत मोजल्यावर आढळलं की असा गुडघा गादी पूर्ण काढलेल्या गुडघ्यासारखाच भार सोसतो. मध्यमवयीन बायकांत, विशेषतः जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या आशियाई देशांत, हे बरंच दिसतं. नेमका दिवस आठवणारं, मागच्या बाजूचं, अचानक आलेलं दुखणं ही मूळ तुटल्याची खूण.

सांधा फार झिजला नसेल आणि पाय फार वाकडा नसेल तर हाडाला बारीक भोक पाडून मूळ परत बांधता येतं. त्यानंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही. घरात मदतीला कोण, संडास भारतीय की कमोड, हे आधी ठरवा. झीज पुढे गेली असेल तर बांधण्याचा उपयोग होत नाही. म्हणून आठवडे वाया घालवू नका.

१५. नऊ वर्षांच्या मुलीचा गुडघा वाकवताना टकटक वाजतो. पडलीबिडली नाही.

बाहेरची गादी जन्मतःच चकतीसारखी भरीव असू शकते. आशियाई लोकांत हे तुलनेने जास्त आढळतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, पाय पूर्ण सरळ होत असेल तर लक्ष ठेवणं पुरे. दुखलं, लंगडली, पाय सरळ होईना, तर मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ पाहा. गरज पडली तर मधला भाग कोरून गादीला नेहमीचा आकार देतात.

१६. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कडक गाठ आली आहे. तिचा गादीशी संबंध असतो का?

असू शकतो. गादी आडवी चिरली की सांध्यातलं पाणी त्या चिरेतून बाहेर झिरपून गाठ बनते. नुसतं सुईने पाणी काढलं तर ती पुन्हा भरते, कारण वाट तशीच उघडी असते. गुडघ्याच्या मागच्या खळगीतली मऊ फुगवटी वेगळी, पण तीही बहुधा सांध्यातल्या सुजेमुळेच येते. कोणतीही नवी गाठ एकदा दाखवून घ्या.

१७. क्रूसिएट लिगामेंट आणि गादी दोन्ही गेलेत. आधी काय?

शक्यतो एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही. लिगामेंट तुटलेलंच ठेवून गादी शिवली तर हलत्या गुडघ्यात टाक्यांवर ताण येतो. उलट दोन्ही एकत्र केल्यावर टाके चांगले धरतात असा अनुभव आहे. लिगामेंटशिवाय खेळत राहिलेल्या मुलांच्या गाद्या एकामागून एक फाटताना मी पाहिल्या आहेत.

१८. इंजेक्शन, गोळ्या, तेल, नी-कॅप यांनी गादी जुळते का?

जुळत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे सूज आणि दुखणं उतरवतं, तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या चीर भरत नाहीत. तेलाने चोळल्यावर आखडलेले स्नायू सैल होतात आणि बरं वाटतं, हलक्या हाताने करायला हरकत नाही. नी-कॅपने आधाराची जाणीव मिळते, लांब चालताना घाला आणि घरी आल्यावर काढा.

१९. खर्चाचं काय? दीनदयाळ योजनेत बसतं का?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरावीक प्रक्रियांच्या यादीनुसार मिळतं. डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं नेमकं नाव कागदावर लिहून घ्या आणि रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर ते आधी दाखवा. "गुडघ्याचं ऑपरेशन" एवढं सांगून उत्तर मिळत नाही. टाक्यांच्या साहित्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही तिथेच विचारा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, अस्थिरोग विभागाची ओपीडी आहे, जाताना जुने सगळे एक्स-रे सोबत न्या.

२०. माझी गादी पूर्वीच बरीचशी काढली आहे. आता हातात काय उरलं?

बरंच उरलं. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू मजबूत ठेवणं, वजन आटोक्यात ठेवणं, उड्यांऐवजी सायकल किंवा पोहणं. तरुण माणसाला दुखणं असेल आणि सांधा झिजला नसेल तर दात्याची गादी बसवण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती मोजक्याच ठिकाणी होते. पाय वाकडा होत चालला असेल तर हाड कापून रेषा सरळ करतात. हे खूप झिजल्यावर करता येत नाही, म्हणून वाकडेपणा दिसताच दाखवा. अगदी शेवटी सांधेबदल आहेच. बाबांचा झाला, सत्तरीत. आता ते रोज सकाळी मैदानाच्या कडेने दोन फेऱ्या मारतात, आणि मुलं खेळत असली की थांबून बघतात.